पाच डुबक्यांचे ‘ॲडव्हान्स्ड’

ऑगस्ट २०२५ मधील ती बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. ५ तारखेला आर. रमेश अटलांटिक महासागरात ४,०२५ मीटर खोल गेले आणि दुसऱ्याच दिवशी निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटरपर्यंत जाऊन आले. यान फ्रान्सचे होते, ‘नॉटील’. तयारी मात्र चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत आकाराला येत असलेल्या आपल्या ‘मत्स्य ६०००’ची. बातमी वाचून मलाही सर्वांसारखाच अभिमान वाटला. त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीचा निरोप आला. प्रवाळांच्या सर्वेक्षणाच्या एका प्रकल्पात तिला काम मिळण्याची शक्यता होती आणि अट एकच होती, ‘ॲडव्हान्स्ड’ स्कूबा प्रमाणपत्र. तिने विचारले होते, “ताई, कोर्स कोठे करू? अंदमानात चार दिवसांत दोन्ही कार्डे हाती मिळतात, असे म्हणतात.”

या दोन गोष्टी तेव्हापासून माझ्या मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत, म्हणून हे लांबलेले लेखन.

‘मत्स्य’मध्ये माणसे बसतात ती २.१ मीटर अंतर्व्यासाच्या टायटॅनियमच्या गोलात. बाहेर सहाशेपट दाब असला तरी आत आपल्या दिवाणखान्यातलाच दाब असतो. तेथे सुरक्षितता धातूच्या भिंतीत आणि ती भिंत घडवणाऱ्यांच्या गणितात आहे. तीस मीटरवर गेलेल्या स्कूबा पाणबुड्याला मात्र भिंत नसते. पाण्याचा दाब चौपट, म्हणून त्याने ओढलेली हवाही चौपट दाट. रक्तात विरघळणारा नायट्रोजन त्याच प्रमाणात अधिक. येथे सुरक्षितता सारी त्या माणसाच्या अंगवळणी पडलेल्या सवयींत असते. आणि आपल्या देशातील प्रवाळ, समुद्री गवत, बुडालेली जहाजे, तळाशी रोवलेली संवेदक उपकरणे यांच्यापैकी बरेच काही याच पहिल्या तीस मीटरांत आहे. पाच हजार मीटरसाठी आपण माणसे वर्षानुवर्षे घडवतो. तीस मीटरसाठी मात्र चार दिवसांची सुट्टी आणि एक कार्ड पुरेसे मानतो. माझे मत असे, की ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द आपली फसगत करतो आणि त्या फसगतीत आपल्या संशोधन संस्थाही सामील आहेत.

मी राहते कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये. दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय येथे आहे आणि नवरा त्या रेल्वेत असल्यामुळे आमचे बिऱ्हाडही येथेच आले. एका बाजूला नबाब वाजिद अली शाहांचे मेटियाब्रुज, दुसऱ्या बाजूला गोद्या आणि समोर हुगळी. येथील जहाजबांधणी कारखान्याने गेल्या काही वर्षांत समुद्रतळाचे सर्वेक्षण करणाऱ्या मोठ्या नौका तयार केल्या: ‘संध्यायक’ फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलात दाखल झाली, ‘निर्देशक’ त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि ‘इक्षक’ नोव्हेंबर २०२५ मध्ये. वसईजवळच्या आपल्या अर्नाळा किल्ल्याचे नाव धारण करणारी ‘आयएनएस अर्नाळा’ हीदेखील याच कारखान्याने एल अँड टीच्या सहकार्याने बांधलेली. गोव्याच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रासाठी एक संशोधन जहाज बांधण्याचा करारही २०२४ मध्ये येथेच झाला. थोडक्यात, समुद्राकडे पाहणारी राष्ट्राची अवजारे जेथे घडतात त्या वस्तीत मी राहते. ती अवजारे हाताळून पाण्यात उतरणारी माणसे कोठे घडतात, हा प्रश्न मला म्हणूनच जरा अधिक टोचतो.

तो टोचण्याचे दुसरे कारण वैयक्तिक आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे म्हणजे कोरडा उपदेश होईल.

डॉक्टरेटनंतर पाण्याखालील ध्वनीच्या एका प्रकल्पात मी काम करू लागले. उपकरणे तळाशी बसवण्यासाठी पाण्यात उतरणे उपयोगी पडेल म्हणून एका हिवाळ्यात सहा दिवसांत ‘ओपन वॉटर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ असे दोन्ही अभ्यासक्रम उरकले. पहिल्याच्या चार डुबक्या, दुसऱ्याच्या पाच. एकूण नऊ. पुढल्या हंगामात एका खडकाळ प्रवाळभित्तीवर २८ मीटरवर गेले. कमरेला शिसे गरजेपेक्षा जास्त बांधलेले होते, त्यामुळे जाकिटात सारखी हवा भरायची आणि सारखी सोडायची असा उद्योग चालला होता. प्रवाह समोरून होता. मार्गदर्शक सहा-सात मीटर पुढे. पंधराव्या मिनिटाला दाबमापकाकडे पाहिले तर २०० बारवरून काटा ७० वर आलेला. आणि त्या क्षणी मला काय वाटले असेल? ‘अजून पुष्कळ आहे.’ तीस मीटरच्या आसपास नायट्रोजन डोक्यात एक सुखद मंदपणा आणतो; पुस्तकात तो परिच्छेद मी अधोरेखित करून वाचला होता. पण मंद झालेल्या बुद्धीला आपण मंद झालो आहोत हे कळत नाही, ही त्यातली खरी मेख. मार्गदर्शकाने वळून पाहिले, माझा मापक पाहिला आणि आपला दुसरा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे होते; मी तेथे अर्धे मिनिटही टिकले नाही. बुचासारखी वर आले.

झाले काहीच नाही. दिवसभर डोके दुखले, एवढेच. त्या केंद्राचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. माझ्याकडे तीस मीटरचे प्रमाणपत्र होते आणि त्यांनी मला अठ्ठावीस मीटरवर नेले. सारे नियमानुसार घडूनही मी बुडण्याच्या बेतात होते, हीच तर या प्रकरणातील अडचण.

त्या संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर मी जे गणित केले ते पाण्यात उतरण्यापूर्वी करायला हवे होते. गणित आठवीच्या मुलाला यावे इतके सोपे आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची धारणशक्ती सुमारे ११ लिटर. २०० बार दाबाने भरला की २,२०० लिटर हवा. घाबरलेला माणूस पृष्ठभागावर मिनिटाला ३० लिटर हवा सहज ओढतो. समजा तीस मीटरवर जोडीदाराची हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यायचे आहे. तळाशी सावरायला एक मिनिट: दोघांचे ६० लिटर, गुणिले ४, म्हणजे २४०. मिनिटाला नऊ मीटर या गतीने पाच मीटरपर्यंत यायला सुमारे तीन मिनिटे. वाटेतला सरासरी दाब पावणेतीनपट, म्हणजे आणखी ४९५. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २७०. शेवटचे पाच मीटर धरून एकूण हजारभराच्या वर. भागिले अकरा करा. उत्तर येते ९५ बारच्या आसपास. म्हणजे तीस मीटरवर सिलिंडर जवळपास अर्धा भरलेला असतानाच परतीला लागले पाहिजे. मला शिकवलेला नियम होता, ‘५० बार उरले की सांगा.’ तो नियम बारा मीटरच्या रपेटीला ठीक आहे. तीस मीटरवर तो जोडीदाराच्या जिवावर काढलेला उधारीचा हिशेब आहे.

आता प्रमाणपत्रांविषयी. ‘पॅडी’ या सर्वांत प्रसिद्ध संस्थेच्या ‘ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर’ अभ्यासक्रमात पाच डुबक्या असतात. खोल डुबकी आणि दिशाज्ञान या दोन सक्तीच्या, तीन आपल्या आवडीच्या. ते झाले की तीस मीटरची मर्यादा खुली होते. ‘एसएसआय’ ही दुसरी मोठी संस्था तेच नाव वेगळ्या अर्थाने वापरते: तेथे चार विशेष विषयांचे शिक्षण आणि एकूण २४ डुबक्यांची नोंद झाल्यावरच ‘ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर’ म्हणतात, पाच डुबक्यांच्या त्यांच्या अभ्यासक्रमाला ‘ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर’ असे नाव आहे. शब्द एकच, वजन निराळे. नोकरीच्या जाहिरातीत ‘ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आवश्यक’ असे लिहिणाऱ्याला यातले नेमके काय अभिप्रेत असते, हे त्याला तरी ठाऊक असते का, याची मला शंका आहे.

पाच डुबक्यांचा अभ्यासक्रम ही लबाडी आहे, असे मी म्हणत नाही. शिक्षकाच्या नजरेखाली पाच नव्या गोष्टींची चव घेणे, हा त्याचा मूळ हेतू आणि तो चांगलाच आहे. पण शितावरून भाताची परीक्षा करता येते, स्वयंपाक्याची नाही. कार्ड सांगते की या व्यक्तीने खोल डुबकी एकदा अनुभवली. आपण वाचतो की हिला खोल डुबकी येते.

मग निवड कशी करावी? विद्यार्थिनीला मी जे लिहिले त्याचा गाभा असा, की संस्थेच्या बोधचिन्हापेक्षा शिक्षक महत्त्वाचा आणि खोलीपेक्षा मिनिटे महत्त्वाची. शिक्षकाला फोन करावा आणि निःसंकोच विचारावे. एका वेळी किती विद्यार्थी घेता? मुखवट्यात पाणी भरून ते काढण्याचा सराव वाळूवर गुडघे टेकून करवता की तरंगत्या अवस्थेत? (वाळूवर टेकलेल्या गुडघ्यांना शिकवलेली गोष्ट प्रवाळावर तरंगताना आठवत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.) हवेचा हिशेब कागदावर करून घेता का? पृष्ठभागावर खुणेचा फुगा खालून सोडायला शिकवता का? जवळचे रीकम्प्रेशन चेंबर कोठे आहे आणि होडीवर ऑक्सिजन असतो का? आणि शेवटचा, सर्वांत उपयोगी प्रश्न: गेल्या वर्षात पैसे भरूनही कोणाला कार्ड नाकारले आहे का? या प्रश्नावर जो शिक्षक हसून विषय बदलतो त्याच्याकडे जाऊ नये. जो म्हणतो, ‘हो, दोघांना पुन्हा बोलावले,’ त्याच्याकडे चार पैसे जास्त पडले तरी जावे.

क्रमाविषयीही माझे मत रूढ क्रमाच्या उलट आहे. ओपन वॉटरनंतर लगेच खोल जाऊ नये. बारा ते अठरा मीटरच्या टापूतच आणखी वीसेक साध्या डुबक्या घ्याव्यात, त्याही शक्यतो एकाच ठिकाणी, म्हणजे मासे पाहण्याची हाव कमी होऊन स्वतःकडे पाहता येते. त्याबरोबर उत्प्लावनावरचा एखादा कसून घेतलेला अभ्यासक्रम. मग नायट्रॉक्स. त्यानंतर बचावाचा, ज्याला ‘रेस्क्यू’ म्हणतात तो. माझ्या मते संपूर्ण शिडीतील हाच एक अभ्यासक्रम माणसाची दृष्टी बदलतो, कारण त्यात प्रथमच स्वतःऐवजी जोडीदाराकडे पाहायला शिकवतात. खोल डुबकी सर्वांत शेवटी.

उत्प्लावनावर इतका भर का, याचे उत्तर बॉइलच्या नियमात आहे. बहुतेकांना वाटते, खोल जाणे कठीण आणि उथळ पाणी सोपे. जाकिटातील आणि पोशाखातील हवेच्या दृष्टीने प्रकार उलटा आहे. तीस मीटरवर तुम्ही चुकून एक मीटर वर सरकलात तर त्या हवेचे आकारमान जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढते. पाच मीटरवर तीच चूक सात टक्क्यांची होते. वाढलेली हवा आणखी वर ढकलते, वर गेल्यावर ती आणखी वाढते. त्यात भर म्हणजे सिलिंडर. २,२०० लिटर हवेचे वजन अडीच किलोहून अधिक असते. डुबकीच्या शेवटी त्यातले बहुतेक संपलेले असते आणि रिकामा होत आलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर तरंगू पाहतो. म्हणजे जेथे स्थिर राहणे सर्वांत कठीण, नेमके तेथेच, सर्वांत हलके झालेले असताना, दमलेल्या अवस्थेत तीन मिनिटे थांबायचे. खरी परीक्षा तळाशी नाही, पाच मीटरवर आहे. मी परीक्षक असते तर विद्यार्थ्याला कोठेही खोल नेले नसते. पाच मीटरवर, धरायला दोर न देता, हातात पाटी देऊन तीन मिनिटे काहीतरी लिहायला सांगितले असते आणि खोली अर्ध्या मीटरहून जास्त ढळली तर घरी पाठवले असते.

नायट्रॉक्सविषयी गैरसमज फार. ३२ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण घेतले की जास्त खोल जाता येते, असे अनेकांना वाटते. वास्तव अगदी विरुद्ध. नायट्रोजन कमी असल्यामुळे त्याच खोलीवर जास्त वेळ मिळतो. पण ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारपर्यंतच ठेवायचा तर या मिश्रणाची मर्यादा सुमारे ३३ मीटरवर संपते. त्यापलीकडे ऑक्सिजनच विष होतो आणि पूर्वसूचना न देता झटके येऊ शकतात.

हे वाक्य लिहिताना मला हटकून एक कोलकातावासी आठवतात. जे. बी. एस. हॉल्डेन. जनुकशास्त्रज्ञ म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. १९५७ मध्ये इंग्लंड सोडून ते बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. बरानगर म्हणजे आमच्या याच काठाने हुगळीच्या उगमाच्या दिशेने गेले की लागणारे गाव. पण त्यांची दुसरी ओळख पाणबुड्यांच्या जगातली आहे. त्यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली. प्रयोग प्रामुख्याने बोकडांवर आणि शेळ्यांवर झाले. शरीराच्या वेगवेगळ्या ऊती वेगवेगळ्या गतीने नायट्रोजन शोषतात हे गृहीत धरून त्यांनी ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे असे पाच अर्धकाल घेतले. आज मनगटावर बांधतात तो डाइव्ह कॉम्प्युटर पुष्कळ सुधारलेला असला तरी त्याचा सांगाडा तोच आहे. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर या पित्याने तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडले होते. पोशाख मोठा होता, आत पाणी शिरले. पुढे १९३९ मध्ये ‘थेटिस’ या ब्रिटिश पाणबुडीत ९९ माणसे गेल्यावर त्याच मुलाने, आता प्रौढ शास्त्रज्ञाने, दाबाच्या कोठ्यांत स्वतःवर प्रयोग सुरू केले. उच्च दाबाच्या ऑक्सिजनने येणारे झटके स्वतः भोगले. अशाच एका झटक्यात पाठीच्या मणक्यांना इजा झाली. १.४ हा आकडा आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो. त्याच्यामागे अशी पाठदुखी आहे.

असो. विषय कौशल्याचा होता.

कौशल्य म्हणजे काय हे मला कोणत्याही स्वच्छ निळ्या पाण्यात कळले नाही. ते मेटियाब्रुजच्या बिचाली घाटावर कळले. एका लाँचच्या पंख्यात नायलॉनची दोरी गुरफटली होती आणि ती कापायला एक वयस्कर पाणबुड्या आला होता. बंगालीत त्याला ‘डुबुरी’ म्हणतात. हुगळीचे पाणी येथे चहाच्या रंगाचे. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटे दिसत नाहीत. कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक घाटावर बसलेल्या मुलाच्या हातात. लाँचवाला घाई करत होता. म्हातारा घाटाच्या पायरीवर विडी ओढत बसून राहिला, कारण ओहोटीचा ओढ अजून थांबला नव्हता. पाण्याची ओढ पडल्यावरच तो उतरला, दहा-बारा मिनिटांत काम करून वर आला. ‘खाली काही दिसते का?’ या माझ्या अडाणी प्रश्नावर तो म्हणाला, “चोख दिये की हबे दिदि, हात दियेइ देखि.” डोळ्यांनी काय होणार, दीदी, हातांनीच पाहतो. त्याच्या साधनांचे मला कौतुक नाही. ती अपुरी होती आणि अशी माणसे अपुऱ्या साधनांनी राबतात, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. पण पाणी थांबेपर्यंत न उतरण्याचा त्याचा ठामपणा माझ्या नऊ डुबक्यांच्या प्रमाणपत्रात कोठेही नव्हता.

यावरून स्थळाच्या निवडीविषयीही माझे मत बदलले. कोलकात्याहून श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, विमानाने दोन-अडीच तासांवर; स्वराज द्वीपाच्या पाण्याची मोहिनी मला पूर्ण मान्य आहे. परंतु वीस-तीस मीटर लख्ख दिसणारे पाणी विद्यार्थ्याला लाडावते. जोडीदार दहा मीटर लांब गेला तरी दिसत राहतो, म्हणून कोणी जवळ राहत नाही. होडीचा तळ वर दिसतो, म्हणून होकायंत्र कोणी पाहत नाही. या दृष्टीने आपली मालवण-तारकर्लीची बाजू सरावासाठी वाईट नाही, उलट चांगली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकाचा हात धरून जी फेरी घडवतात ती वेगळी. ते प्रशिक्षण नव्हे आणि तसा कोणी दावाही करू नये. मात्र तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तेथे रीतसर अभ्यासक्रम होतात. पाणी अनेकदा गढूळसर असते, दृश्यमानता दिवसागणिक बदलते. हीच तिची शिकवण. मालवणात जो पाच मीटर दृश्यमानतेत जोडीदाराला सोडत नाही तो अंदमानात आनंदाने वावरेल. उलट मात्र घडेलच असे नाही. आणि मराठी माणसाने आणखी एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवावे. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश आहे. त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. तेथे प्रवाळ आहेत, किनारा नाही, आडोसा नाही. त्या पाण्यात पाच डुबक्यांचे प्रमाणपत्र घेऊन उतरणाऱ्याला मी होडीवरच बसवून ठेवीन.

आता संस्थांविषयी, कारण मूळ दोष विद्यार्थ्यांचा नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथे व्यापक प्रवाळविरंजन सुरू असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. अशा वेळी कोणीतरी पाण्यात उतरून मोजपट्टी अंथरायची, तिच्या वरून संथ तरंगत जायचे आणि खाली जिवंत प्रवाळ किती, मेलेले किती, हे पाटीवर लिहायचे. उपग्रह दिशा दाखवतो. मोजणी माणूस करतो. जो माणूस स्वतःला सावरण्यातच गुंतला आहे तो काय मोजणार? माझ्या त्या २८ मीटरवरच्या पंधराव्या मिनिटाला मी सर्वेक्षण करत असते, तर माझी नोंदवही एखाद्या शोधनिबंधाचा भाग झाली असती आणि कोणालाही शंका आली नसती. शिवाय तिचे पाय ज्या प्रवाळाला लागतात तो मोजण्यापूर्वीच मोडतो, हे वेगळेच.

अमेरिकेत विद्यापीठांच्या पाण्याखालील संशोधनासाठी जे मानक आहे त्यात वैज्ञानिक पाणबुड्याला किमान १०० तासांचे प्रशिक्षण आणि १२ डुबक्या लागतात. युरोपात ‘युरोपियन सायंटिफिक डायव्हर’ होण्यासाठी ७० डुबक्यांची नोंद लागते, वरच्या पातळीला १००. आकडे निराळे, विचार एक: मनोरंजनासाठी उतरणे वेगळे, काम करण्यासाठी उतरणे वेगळे. आपल्याकडील विद्यार्थी मात्र पर्यटकासाठी आखलेला अभ्यासक्रम करून येतो, बहुधा स्वतःच्या शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून, आणि संस्था त्याच्या कार्डाची छायाप्रत फाइलला लावते. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय माझ्या घरापासून जवळच, न्यू अलीपूरला आहे. तेथील शास्त्रज्ञांनी अंदमानच्या पाण्यात उतरून प्रवाळांच्या नोंदी केल्या आहेत. अनुभव देशात आहे. तो एका समान, सर्व संस्थांना बांधील अशा पात्रतेत ओतला पाहिजे: इतके तास, इतक्या डुबक्या, पाच मीटरवरची ती परीक्षा, बचावाचे शिक्षण, दरवर्षी फेरतपासणी. आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उपकरणांच्या शेजारी लिहिला पाहिजे. होडीच्या भाड्याला रकाना असतो, कॅमेऱ्याला असतो. कॅमेरा धरणाऱ्या हाताला का नसावा?

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे आणि तो योग्यही आहे. अटी वाढवल्या की ज्यांच्याकडे पैसा आहे तेच उरतील. लहान गावातून आलेली, पोहणे उशिरा शिकलेली मुले-मुली गळतील. मी स्वतः विदर्भातील, समुद्र प्रथम पाहिला तो विसाव्या वर्षी. म्हणून हा आक्षेप मला आतून कळतो. पण आजची व्यवस्था त्या मुलीला सवलत देत नाही, तिला अपुऱ्या तयारीनिशी पाण्यात ढकलते. सवलत द्यायचीच तर पैशांत द्यावी. अनेक गोष्टी तर स्वस्तातही होतात. तरंगत्या अवस्थेत स्थिर राहणे, न ढवळता पाय मारणे, डोळे मिटून जोडीदाराचा रेग्युलेटर शोधणे, हे सारे जलतरण तलावात शिकता येते. कोलकात्यात मी आणि माझा एक सहकारी एका तलावाची सकाळची जागा मिळवून महिन्यातून दोनदा हेच करतो. काठावरची पोहणारी मंडळी आमच्याकडे विचित्र नजरेने पाहतात, कारण तासभर आम्ही कोठेही जात नाही.

विद्यार्थिनीला मी एवढे सगळे लिहिले नव्हते. थोडक्यात लिहिले होते. तिने आठवड्याने उत्तर पाठवले. चार दिवसांची अंदमानची योजना तिने रद्द केली आहे. प्रकल्पप्रमुखांना तिने सरळ विचारले, ‘तुम्हाला कार्ड हवे आहे की मोजणी?’ आणि प्रशिक्षणासाठी दोन महिन्यांची मुदत मागितली. मुदत मिळाली, पैसे मिळाले नाहीत. आता ती तारकर्लीला जाण्याच्या तयारीत आहे, ओपन वॉटरनंतरच्या साध्या डुबक्यांसाठी, एका शिक्षकाशी तीनदा फोनवर बोलून. कार्ड नाकारण्याचा प्रश्न विचारल्यावर तो शिक्षक म्हणाला म्हणे, “आधी ये तर, मग नाकारतो.” तिने मला विचारले आहे की पायातील पर कोणते घ्यावेत, लांब की आखूड. त्यावर माझी ठाम मते आहेत, पण ती पुन्हा केव्हातरी.